मंचाचे चार बोल्ट

स्टॉकटन, न्यूकॅसल
१२ सप्टेंबर १९८३

प्रिय कीथ,

तुम्ही चौघे सिडनीला गेल्याला सहा आठवडे झाले आणि माझ्या सख्ख्या भावाचे, रॉसचे, एका ओळीचे पत्र नाही. म्हणून तुला लिहिते. तू निदान पाकिटावर पत्ता नीट लिहितोस.

मंगळवारी रेडिओवर तुमचे गाणे लागले. मी नवऱ्यासाठी चॉप्स तळत होते. लिंडसे पोलाद कारखान्यातून नुकताच आला होता, बूटही काढले नव्हते. निवेदक म्हणाला, "न्यूकॅसलची पोरं, द फॉग सिग्नल्स." लिंडसे म्हणाला, "अगं, ही तर आपली पोरं," आणि बुटांसकट माझ्या धुतलेल्या गालिच्यावर येऊन बसला. मी रागावले नाही, यावरून काय ते समज. चॉप्स मात्र करपले.

तीन वर्षे दर बुधवारी मी किल्ली घेऊन चर्चचा हॉल उघडायचे आणि तुम्ही सगळ्या गल्लीचे कान किटवायचात. आता बुधवारी तिथे विणकामाचे मंडळ बसते. मिसेस बार्टल परवा म्हणाल्या, "शांतता बरी वाटते, ग्लेनिस." एक ओळ विणून झाल्यावर म्हणाल्या, "जरा जास्तच आहे."

तुझी आई फेरीबोटीवर भेटली. बरी आहे. तू वेळेवर जेवतोस का, असे मलाच विचारत होती.

रॉसला सांग, गाणी रचणाऱ्याला पत्र लिहिता येत नाही हे देवही मानणार नाही.

कळावे,
ग्लेनिस

ता. क. हा कागद म्हणजे चर्चच्या पत्रकाची कोरी बाजू आहे. छापील बाजू वाचायलाही हरकत नाही.


सिडनी
२ ऑक्टोबर १९८३

प्रिय ग्लेन,

दोन्ही बाजू वाचल्या. रॉसलाही वाचायला दिल्या, तर त्यानं छापील बाजूवर गाण्याची ओळ लिहिली. तुझा भाऊ सुधारणारा नाही.

आठवड्यातून सहा दिवस वाजवतो. इथल्या पबांचे गालिचे बियर पिऊन पिऊन इतके चिकट झालेत की बूट उचलला की चर्र होतं. गेल्या शनिवारी आमची दोन गाणी संपल्यावर मटणाच्या ताटाची सोडत निघाली. लोक आमच्यापेक्षा ताटासाठी जास्त ओरडले. ताट लागलं आमच्याच स्टॅनला, त्यामुळे चार दिवस जेवणाची चिंता मिटली. हे आईला सांग.

'सहाची बोट' हे रॉसचं नवं गाणं लोकांना आवडतंय. त्याचा ठेका मी आपल्या फेरीबोटीच्या इंजिनावरून घेतलाय. मधे सगळेच थांबतात. चार मात्रा काही नाही. कप्तान इंजिन बंद करतो आणि बोट नुसती तरंगत येते ना, तसं. मग एकच ठोका, बोट धक्क्याच्या लाकडाला टेकते तसा. रॉस म्हणतो, हा ठोका ऐकला की त्याला घरच्यासारखं वाटतं.

कंपनीनं आम्हाला घेतलंय. मे महिन्यात स्टुडिओत जायचं आहे. प्रोड्यूसर येऊन ऐकून गेला. तो म्हणाला, "रेडिओवर चार मात्रा गप्प बसलात तर लोक स्टेशन बदलतील, बाबांनो." माझ्या वाजवण्याला त्यानं 'प्रामाणिक' म्हटलं. सुतारकामात मला कुणी प्रामाणिक म्हटलं तर मला त्याचा अर्थ कळतो. ड्रमवर म्हटलं तर कळत नाही.

तुझा,
कीथ


स्टॉकटन
१४ मे १९८४

प्रिय कीथ,

घाईत लिहिते. येत्या रविवारी आपल्या रविवारच्या शाळेचा वर्धापनदिन आहे. मुलांना उभे राहून गाण्यासाठी तू बांधलेला पायऱ्यांचा मंच हॉलमध्ये मांडून झाला आहे, पण त्याचे चार बोल्ट निघाले आहेत आणि सगळ्यात वरची फळी हलते आहे. यंदा सेहेचाळीस मुले आहेत. पाळकसाहेब म्हणाले, "ज्याने बांधला त्यालाच बोलवा."

गुरुवारी येऊन शनिवारी परत जाता येईल. रॉस फोनवर म्हणाला की त्या दोन दिवसांत स्टुडिओत तुझे काम नाही.

तुझ्या आईला सांगितलेले नाही. तिला अचानक भेटशील तर जास्त आनंद होईल.

ग्लेनिस


सिडनी
११ नोव्हेंबर १९८४

प्रिय ग्लेन,

'सहाची बोट' देशात चौथ्या क्रमांकावर आहे. तुला ठाऊकच असेल, लिंडसेनं गल्लीभर सांगितलं असेल.

रविवारी टीव्हीवर आम्हाला पाहिलंस का? तिथं कुणी खरं वाजवत नाही. ते तबकडी लावतात आणि आपण नुसते हात हलवायचे. रॉसला ओठ हलवायचे असतात, ते त्याला जन्मापासून येतं. मला मात्र हात हलवायला तीन आठवडे सराव करावा लागला.

गाण्याच्या मधल्या ड्रमच्या तुकड्याबद्दल सगळे बोलतात. गाडी चालवणारे लोक सिग्नलला थांबले की चाकावर तो वाजवतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. पबमध्ये गेलो की कुणीतरी पहिला ग्लास माझ्यापुढं आणून ठेवतो.

मंच टिकला ना? मी प्रत्येक बोल्टावर दोन-दोन नट लावलेत. आता ते सहजासहजी निघायचे नाहीत.

कीथ


स्टॉकटन
९ मार्च १९८७

प्रिय कीथ,

पेपरात आले आहे की बँड मोडला. पर्थच्या रेडिओ स्टेशनवर मुलाखत चालू असताना तू उठलास, दार उघडून बाहेर पडलास आणि थेट विमानतळावर गेलास म्हणे. दौऱ्याचे अकरा कार्यक्रम बाकी होते. रॉस घरी येऊन तीन दिवस माजघरात पडून आहे. विचारले तर म्हणतो, "मी काय केलं ते त्यालाच विचार. मला माहीत नाही."

मी त्याची बहीण आहे. तो तोंडाचा किती मोकळा आहे हे मला ठाऊक आहे. त्याने तुला चारचौघांत काही बोलून दाखवले का? जुने काही? तसे असेल तर मला सांग. त्यात माझाही

पुढचे खोडले आहे, कागद तोच ठेवला, कारण पाने वाया घालवायची सवय नाही. तू जिथे असशील तिथे देव तुझ्याबरोबर असो.

ग्लेनिस


स्टॉकटन
५ जुलै २००४

प्रिय कीथ,

सतरा नाताळ आपण एकमेकांना फक्त सह्या पाठवल्या. तुझ्या कार्डावरूनच मला कळले की तू टास्मानियात बर्नीला आहेस, तिथे सुतारकाम करतोस, आणि लग्नाबरोबर आलेली टेस नावाची मुलगी आहे. एवढ्या ओळखीवर हे मोठे पत्र लिहिते आहे, वाच.

तुमच्या तबकडीला वीस वर्षे झाली म्हणून कंपनी ती सीडीवर नव्याने काढते आहे. बँडमधले स्टॅन आणि मरे तयार आहेत. सोळा ऑक्टोबरला न्यूकॅसलच्या कामगार क्लबात एकच कार्यक्रम ठेवायचा आहे. रॉसने तुला दोन पत्रे टाकली. उत्तर नाही म्हणून काल माझ्याकडे आला. केस गेलेत, आवाज आहे. स्कोन खाता खाता म्हणाला, "ग्लेन, तुझं पत्र तो वाचेल. माझं पाकीट तो चुलीत घालतो."

"चुलीत घालण्यासारखं केलंयस काय तू?" मी विचारले.

"तेच तर सतरा वर्षं विचारतोय मी," तो म्हणाला. मग खिडकीतून बंदराकडे वळला. म्हणाला, "दुसरा ड्रमर घ्यायचा असेल तर मी गाणार नाही."

सीडीबरोबर जाड पुस्तिका आहे म्हणे, जुने फोटो, टेपांच्या डब्यांवरच्या नोंदी, सगळे.

यायचे मनावर घे.

ग्लेनिस


बर्नी, टास्मानिया
१९ जुलै २००४

प्रिय ग्लेन,

रॉसची पत्रं चुलीत घातली नाहीत. खिळ्यांच्या डब्यात आहेत, न उघडता.

मला जमणार नाही. मनगट दुखतं. वय झालं. कारण कुठलंही घे.

पण टेसनं तुझं पत्र टेबलावर पाहिलं आणि आता घरात राहणं कठीण झालंय. ती इथल्या शाळेत संगीत शिकवते, ड्रम शिकवते. दरवर्षी नव्या पोरांना पहिला धडा काय देते माहीत आहे? तो तुकडा. वर्गात फळ्यावर लिहिते, 'माझ्या बाबांचा तुकडा'. काल म्हणाली, "बाबा, आयुष्यात एकदा तरी तुम्हाला तो खरा वाजवताना पाहू द्या. मी फक्त टीव्हीतलं पाहिलंय." मी म्हटलं, मनगट दुखतं. म्हणाली, "मग कालपर्यंत रंधा कोण मारत होतं? भूत?"

एक विचारतो. पुस्तिकेत डब्यांवरच्या नोंदी म्हणजे नक्की काय काय छापणार आहेत?

कीथ


स्टॉकटन
२८ जुलै २००४

प्रिय कीथ,

तुझा शेवटचा प्रश्न वाचल्यापासून चार दिवस कोरा कागद पुढ्यात आहे. पुस्तिकेत ते सगळेच छापणार आहेत. त्यात एक नाव आहे, ते छापील कागदावर वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवे. वीस वर्षे उशीर झाला आहे, आणखी एक दिवस नको.

'सहाच्या बोटी'वरचे ड्रम तुझे नाहीत. प्रोड्यूसरला तुझे वाजवणे साधे वाटले. त्याने व्हिक डोलन नावाचा सिडनीचा वाजवणारा बोलावून दोन दिवसांत सगळे पुन्हा वाजवून घेतले. तो तुकडाही त्याचाच. स्टुडिओवाले असे नेहमी करतात म्हणे, ज्याचे वाजवणे पुसले त्याला सांगतसुद्धा नाहीत. पण तू तिथे असताना करता येईना. म्हणून रॉसचा मला फोन आला. "गुरुवार-शुक्रवार कीथला तिकडं बोलावून घे. काहीही सांग."

मी म्हटले, "मी खोटं बोलणार नाही, रॉस."

तो म्हणाला, "मग खरं काहीतरी घडव."

आणि मी घडवले. रविवारी प्रार्थना झाल्यावर घरी जाऊन लिंडसेचा पाना आणला, हॉलचे दार आतून लावले आणि तुझ्या मंचाचे चार बोल्ट माझ्या हाताने काढले. मग सोमवारी तुला पत्र लिहिले. त्या पत्रातला एकही शब्द खोटा नव्हता, याचे मला तेव्हा समाधान वाटले होते. देवाला असे वकिली खरे पुरत असेल असे मी मानले. मुले पडू नयेत म्हणून चार दिवस किल्ली कमरेला लावून फिरले आणि सराव बाहेर गवतावर घेतला. पाळकसाहेब मला म्हणाले, "मुलांची किती काळजी घेता, ग्लेनिस." मी मान खाली घातली. ते त्यांना विनय वाटले.

का केले, तेही लिहिते. माझ्या भावाचे नाव व्हावे असे वाटत होते. चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवले होते की यंदा आमचा रॉस मोठा होणार. तुझे नुकसान होते आहे हे मला कळत होते. कळत नव्हते असे म्हणणार नाही.

पर्थला रॉसने तुला यातले काहीतरी तोंडावर बोलून दाखवले असणार आणि तू म्हणूनच उठून गेलास, असे मी इतकी वर्षे धरून चालले आहे.

ते बोल्ट अजून माझ्या बटणांच्या डब्यात आहेत. दर वेळी बटण शोधताना हाताला लागतात.

क्षमा मागायला मी पात्र नाही. तरी मागते.

ग्लेनिस


बर्नी
१५ ऑगस्ट २००४

प्रिय ग्लेन,

बोल्ट आपोआप ढिला होऊन पडला तर भोकाची कड झिजते. तुझ्या मंचाच्या कडा कोऱ्या होत्या, आणि खाली पडलेल्या नटांच्या कोपऱ्यांवर चुकीच्या मापाच्या पान्याचे ओरखडे होते. लिंडसेचा तो मोठा पाना ना? मी गुरुवारी दुपारी हॉलमध्ये गुडघ्यावर बसलो आणि पाच मिनिटांत ओळखलं की हे कुणीतरी काढलेत. तू तर तासाभरात तीनदा चहा विचारलास.

मला वाटलं, आईचं काहीतरी आहे आणि तुला सांगवत नाही. शनिवारच्या बोटीपर्यंत वाट पाहिली. तू सँडविचचा डबा दिलास आणि माझ्याकडं न बघता परत फिरलीस.

सोमवारी स्टुडिओत टेप ऐकली. आठ मात्रांत कळलं. आपला हात माणसाला ओळखू येतो, रंध्याच्या सालपटांवरूनसुद्धा. माझ्या चार गप्प मात्रांच्या जागी तो तुकडा होता. प्रोड्यूसर म्हणाला, "थोडी साफसफाई केली." रॉस बुटांच्या नाड्या बांधत होता, त्या संपतच नव्हत्या.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. का? कारण तुकडा सुंदर होता, ग्लेन. माझ्यापेक्षा चांगला होता. आणि मला टीव्हीवर जायचं होतं.

म्हणून तीन आठवडे भाड्याच्या खोलीत उशीवर तो तुकडा बसवला. माझंच म्हणून लोकांना दाखवायला दुसऱ्याचं पाठ केलं. लोकांनी ग्लास पुढं केला की मी उलटून दोन पाजायचो, तेवढ्यानं फिटेल असं वाटायचं. सगळे म्हणायचे, कीथ किती दिलदार.

पर्थचं तू उलटं समजलीस. रॉस मला काही लागट बोलला नाही. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, तो तुकडा कसा सुचला? मी उत्तर देण्याआधी रॉस मायेनं म्हणाला, "कीथनं एका दमात वाजवला. आम्ही काचेपलीकडं उभं राहून रडलो." मला लाज वाटू नये म्हणून बोलला बिचारा. त्यानं शिवी दिली असती तर मी बसलो असतो. स्तुती ऐकून मला उभंच राहावं लागलं. दार दिसलं, त्यातून गेलो.

तू जे केलंस ते मी चार दिवसांत ओळखलं होतं. मी जे केलं ते कुणीच ओळखलं नाही, म्हणून ते चालू राहिलं. टेस सात वर्षांची असताना तिनं विचारलं, "बाबा, हे तुम्ही वाजवलंत?" मी 'हो' म्हटलं. तिथं ना प्रोड्यूसर होता, ना रॉस, ना तू. ते 'हो' माझं एकट्याचं आहे.

आता ती बाविसाव्या पोराला तो तुकडा शिकवते आहे. पुस्तिका कधी निघणार?

कीथ


स्टॉकटन
२४ ऑगस्ट २००४

प्रिय कीथ,

तुझे पत्र रॉसला वाचून दाखवले. तू मला खासगीत लिहिले होतेस हे मान्य, पण आपल्यात खासगी ठेवून काय पिकले ते आपण पाहिले. त्याने ऐकले आणि टोपी तोंडावर धरून बसला. लिंडसे मुद्दाम उठून कुंड्यांना पाणी घालायला गेला. कुंड्यांना सकाळीच घातले होते.

मग रॉस म्हणाला, "मी फोन करतो. पुस्तिका सप्टेंबरअखेर छापायला जाते. ती एक ओळ काढून टाकायला सांगतो. चौघांनी सही केली की झालं."

"आणि तो डोलन?"

"अठ्ठ्याण्णव साली गेला. मूलबाळ नाही. एक ओळ आहे, ग्लेन. कुणाचं काय जातंय?"

खरे सांगते, मला क्षणभर हायसे वाटले. टेसला कधीच कळणार नाही, तुझी मान खाली जाणार नाही, माझे बोल्ट डब्यात राहतील. मग लक्षात आले की हायसे वाटण्याची ही चव मला ओळखीची आहे. चौऱ्याऐंशी साली हॉलचे दार आतून लावल्यावर अशीच होती.

मी रॉसला म्हटले, "मी पुन्हा पाना हातात घेणार नाही." पण मुलगी तुझी आहे आणि सही तुझी आहे. तू म्हणशील तसे तो करील. महिनाभर वेळ आहे. मी रोज प्रार्थना करते, कशासाठी ते मात्र नीट सांगता येत नाही.

ग्लेनिस


बर्नी
२० सप्टेंबर २००४

प्रिय ग्लेन,

डोलनचं नाव छापायला सांग. स्पेलिंग नीट तपासून घ्या, मेलेल्या माणसाला दुरुस्ती करता येत नाही.

टेसला सांगितलं. तीन रविवार ठरवत होतो आणि तीन रविवार कोकराचं भाजलेलं मटण खाऊन ती परत जात होती. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जाणार नसाल तर नका जाऊ, पण तोंड का पाडता?" मी म्हटलं, "तो तुकडा माझा नाही." तिला वाटलं, रॉसनं सुचवला असेल. हसली. "कुणाला सुचला ते जाऊ द्या, वाजवलात तर तुम्हीच."

"नाही वाजवला," मी म्हटलं.

तिनं सुरी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं, उशीचं, टीव्हीचं, तिच्या सातव्या वर्षाचं. तुझ्या बोल्टांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तिकडच्या बाईंनी निदान पाना तरी वापरला. तुम्ही तर काहीच केलं नाहीत." मग ताट उचलून धुतलं, पुसून ठेवलं आणि गेली. आठ दिवस झाले. दुकानात दिसली, तर दुसऱ्या रांगेनं निघून गेली. शाळेच्या शिपायानं सांगितलं, तिनं फळ्यावरची ओळ पुसली.

मी येतोय. रॉसची दोन्ही पत्रं काल उघडली. पहिल्यात चार पानं माफी आहे. दुसऱ्यात एकच ओळ, 'सहाची बोट तुझ्या ठेक्यावर करू या, पहिल्यासारखी.' अक्षर इतकं वाईट की रॉसचंच.

लोक तुकडा मागतील, ग्लेन. मी तो वाजवणार नाही. मला भीती वाटते.

कीथ


स्टॉकटन
१८ ऑक्टोबर २००४

प्रिय कीथ,

तू काल सकाळच्या विमानाने परत गेलास. गर्दीत आपले धड बोलणे झाले नाही. तुला स्टेजवरून जे दिसले नसेल ते लिहिते.

पाच वाजताच मी आणि लिंडसे जाऊन बसलो होतो, मधल्या वाटेजवळ. शेजारची खुर्ची रिकामी होती. तुमचे पहिले गाणे सुरू झाल्यावर एक मुलगी वाकून तिथे बसली, अंगात लोकरी कोट, पायाशी विमानाची बॅग. बॅगेत खोचलेल्या ड्रमच्या काठ्या पाहिल्या आणि मला विचारावे लागले नाही. तिनेच विचारले, "तुम्ही ग्लेनिस का?" मी हो म्हटले. "पान्यावाल्या?" तिने विचारले. मी पुन्हा हो म्हटले. सबंध आयुष्यात कुणी मला इतक्या थोडक्यात ओळखले नाही. जमिनीत जावेसे वाटले, पण क्लबाची जमीन काँक्रीटची आहे.

'सहाची बोट' सुरू झाली तेव्हा सगळा क्लब ओरडला. मागच्या टेबलावरची माणसे ग्लास ठेवून हात मोकळे करून बसली होती, तुकडा टेबलावर वाजवायला. रॉस थांबला, स्टॅन थांबला, मरे थांबला. आणि तू काही वाजवले नाहीस.

कुणीतरी ओरडले, "कीथ, झोपलास का रे?" हशा झाला. तू काठ्या हवेत तशाच धरून बसलास. चेहरा लाल झाला होता. चार मात्रा किती लांब असतात हे मला आजवर माहीत नव्हते. टेसचे हात तिच्या मांडीवर तो तुकडा वाजवत होते, डोलनचा, सवयीने. अर्ध्यात ते थांबले. मग तिने हात उघडे ठेवले आणि नुसती ऐकत राहिली.

मग तुझा एक ठोका आला. बोट लाकडाला टेकली. लिंडसे इतक्या हळू म्हणाला की मलाच ऐकू आले, "आपली बोट."

टाळ्या बेताच्याच पडल्या. मागच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, "म्हातारा विसरला." मी मागे वळून म्हणणार होते की विसरला नाही, पण टेसने माझा दंड धरला. तिचे लक्ष अजून तुझ्याकडे होते.

कार्यक्रम संपल्यावर ती तुला भेटली की नाही मला माहीत नाही. तिची बॅग घेऊन ती दाराशी गेली एवढे पाहिले.

रविवारी प्रार्थनेनंतर मी उठून उभी राहिले आणि चौऱ्याऐंशी सालच्या मंचाचे सगळ्यांपुढे सांगितले. आता थोडेच जण येतात, चौदा होते. मिसेस बार्टल ब्याण्णव वर्षांच्या आहेत, त्या मोठ्याने म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. चार दिवस गवतावर गाणी कोण घेतं?" सगळे हसले. मला हसू आले नाही. 

सोबत चार बोल्ट पाठवते. टपाल वजनाने महाग पडले, पण ते माझ्याकडे ठेवणे आता बरे दिसत नाही.

ग्लेनिस


बर्नी
३१ ऑक्टोबर २००४

प्रिय ग्लेन,

बोल्ट पोचले. आटे शाबूत आहेत. वीस वर्षं बटणांत राहून एकही गंजला नाही.

ती मला दाराशी भेटली नाही. विमानतळावर भेटली, एकाच विमानाची तिकिटं होती. आसनं लांब लांब होती. मेलबर्नला विमान बदलताना माझ्या शेजारी येऊन बसली आणि चहाचा कागदी ग्लास माझ्या हातात दिला.  मला वाटलं, खोटं का बोललात हे विचारील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते चांगलं नव्हतं.

तिनं ते विचारलंच नाही. म्हणाली, "बावीस पोरांना ड्रम शिकवला मी, बाबा. तुमचा ठेका एकालाही शिकवला नाही. मला माहीतच नव्हता."

मी म्हटलं, "साधा आहे."

म्हणाली, "ते मी ऐकलं. गप्प कसं बसायचं, ते मला जमेना."

परवा तिनं शाळेतून फोन केला. वर्गातला ड्रमचा चौथरा हलतोय, सोमवारी येऊन बघा म्हणाली. मी विचारलं, खरंच हलतोय की कुणी बोल्ट काढलेत?  मग म्हणाली, "या तर खरं. काठ्या घेऊन या."

उद्या सोमवार आहे. पोरांपुढं बसून मी आधी डोलनचं नाव सांगणार, मग माझं. तुझे बोल्ट खिशात घातलेत. पाना मापाचा घेतलाय.

कीथ